कागदाचा मासा आणि लेपाचे डोळे



तत्त्वज्ञानाच्या माणसाने कागदाचे मासे आणि खेकडे या विषयावर बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं, तेव्हा विषय हलका असावा एवढाच त्यांचा हेतू असणार. सुट्टीचे दिवस आहेत, समोर पालक आहेत, बालवाडीच्या ताई आहेत, तासभर बरा जावा. तसा तो जाईलही. पण आमची अडचण अशी की गेली काही वर्षं मे महिन्यात सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावी आम्ही मुलांबरोबर हाच उद्योग करत आलो आहोत. आणि अनुकरण म्हणजे काय, ज्ञान कशाला म्हणायचं, चूक कशाला म्हणायचं, हे जे प्रश्न आम्ही वर्गात फळ्यावर लिहून शिकवले, ते तिथे कात्रीच्या टोकाशी येऊन उभे राहतात. तेव्हा आज बोलायचं ते कात्री हातात धरूनच बोलू.

आधी सध्या काय चालतं ते पाहू. 'समुद्रातले प्राणी' असा प्रकल्प शाळेतून येतो. घरी छापील आकृत्या आणल्या जातात. ठिपक्यांच्या रेषेवरून कापा, इथे रंग भरा, इथे हलणारे प्लास्टिकचे डोळे चिकटवा, वर चमकी टाका. रात्री अकराला आई डिंक लावत बसलेली असते आणि मूल झोपलेलं असतं. सकाळी वर्गात चाळीस मासे येतात, चाळीसही सारखे, चाळीसही हसणारे. मासा हसतो का, हे कुणी विचारत नाही. आमचा आक्षेप छापील आकृती दिसायला वाईट असते असा नाही, ती चांगलीच असते. आक्षेप एवढाच की मुलाने काहीही विचारायच्या आत उत्तर कागदावर येऊन बसलेलं असतं. मग मुलाकडे काम काय उरलं? रेषेवरून न घसरण्याचं.

आता छापील आकृती बाजूला ठेवा आणि मुलाच्या हातात कोरा कागद द्या. जुनी दिनदर्शिका चालेल, लग्नपत्रिका तर उत्तम, कारण तिला अंग असतं. कागदाचे दोन-तीन स्वभाव आहेत. तो सपाट असतो. घडी घातली की तो घडी लक्षात ठेवतो. आणि घडी घालून कापलात की एका कापात दोन सारख्या बाजू देतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक प्राण्यांचं शरीर असंच असतं, मधल्या रेषेच्या दोन्हीकडे सारखं. घडी म्हणजे त्या प्राण्याची मधली रेषा.

पापलेट घ्या. कागद दुमडायचा, घडी वरच्या बाजूला ठेवायची, ती झाली माशाची पाठ. मग दोन्ही पदर एकत्र धरून बाजूने दिसणारा आकार कापायचा. घडीचा मधला भाग तेवढा सोडायचा, नाहीतर दोन सुटे मासे हातात येतात. उघडून ठेवलात की तंबूसारखा उभा राहतो. आता गंमत बघा. ज्या मुलांच्या घरी पापलेट फक्त ताटात येतं ती मुलं शेपटीची दोन्ही टोकं सारखी कापतात. ज्यांच्या घरी होडी आहे त्यांच्यातलं एखादं मूल खालचं टोक लांब ठेवतं. आणि तेच बरोबर आहे. चंदेरी पापलेटच्या शेपटीचं खालचं टोक वरच्यापेक्षा लांब असतं, आणि पुष्कळ माशांच्या पोटाखाली असते तशी परांची जोडी पूर्ण वाढलेल्या पापलेटला नसतेच. हे त्या मुलाला कुणी शिकवलेलं नसतं. टोपलीतून मासा उचलताना त्याच्या हाताने ते पाहिलेलं असतं.

खेकड्याला घडी वेगळी घालावी लागते. तो आपण वरून बघतो, म्हणून घडी पाठीच्या मधोमध. अर्ध्या कागदावर अर्धा खेकडा काढायचा: अर्धी पाठ, एक डेंगा, चार पाय. उघडला की दोन डेंगे, आठ पाय. पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येक मूल घडीच्या कागदावर अख्खा खेकडा काढतं आणि उघडल्यावर एकमेकांना चिकटलेले दोन खेकडे निघतात. हसू द्यावं. 'अर्ध्यात अख्खं असतं' ही गोष्ट कळायला ते हसणं पुष्कळदा पुरेसं होतं. पुढे कुणी विचारतं, सगळे पाय सारखेच का? तर नाही. पाठीवर तीन ठिपके असलेला जो समुद्री खेकडा बाजारात येतो, त्याच्या पायांची शेवटची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, तो पोहतो. आणि उलटा केला की पोटाशी एक झाकण दिसतं. नराचं अरुंद, टोकदार. मादीचं रुंद आणि गोलसर. किनाऱ्यावरच्या बायका खेकडा हातात घेतल्याबरोबर उलटा करतात तो त्यासाठी. कागदाचं तसं झाकण चिकटवायला दोन मिनिटं लागतात. मात्र नर करायचा की मादी, हे आधी ठरवावं लागतं.

हे घडी घालून शिकण्याचं प्रकरण नवं नाही. जर्मनीत फ्रीडरिश फ्रोबेलने लहान मुलांसाठी जी शिक्षणपद्धती उभी केली, आणि जिला १८४० मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव मिळालं, तिच्यात कागदाच्या घड्यांना मानाचं स्थान होतं. तिथून ती कल्पना आपल्याकडे आली आणि १८९३ साली मद्रासमध्ये टी. सुंदर राव यांनी केवळ कागद दुमडून भूमिती कशी सिद्ध करता येते यावर एक पुस्तक लिहिलं. गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि ते पुढे अमेरिकेत छापलं गेलं. आपल्या बाजूला, १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. बोर्डी समुद्रकाठचं गाव. परदेशी पद्धतीची महागडी साधनं गावातल्या मुलांना परवडणार नाहीत हे ओळखून परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं घडवायची, हा त्यांचा आणि अनुताई वाघांचा आग्रह होता. आज लहान गावातल्या दुकानातही प्लास्टिकचे डोळे पाकिटात मिळतात, आणि ते नसले तर 'साहित्य अपुरं' असा शेरा येतो. असो.

आता डॉल्फिन. हा प्राणी मुलांना फार आवडतो आणि तो सगळीकडे चुकीचा कापला जातो. पापलेटसारखाच दुमडून, बाजूने आकार कापून, शेपटीसकट. कापलेला कागद टेबलावर उभा करा आणि मुलांना विचारा, हा पोहतो कसा? मुलं हाताने शेपूट डावी-उजवी हलवून दाखवतात. मग एक कागदाची पट्टी घ्यायची. उभी धरली तर ती डावी-उजवी वाकते, आडवी धरली तर वर-खाली. मासा पहिल्यासारखा, डॉल्फिन दुसऱ्यासारखा. माशाची शेपटी उभी असते, डॉल्फिनची आडवी. म्हणजे आपल्या कागदी डॉल्फिनची शेपटी बुडाशी कापून, पाव वळसा फिरवून, पुन्हा चिकटवावी लागते. दोन सेंटिमीटरचं काम. पण 'का?' असं मूल विचारतं तेव्हा सगळं दार उघडतं. डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी होते. कुत्रा जोरात धावताना त्याची पाठ कशी वर-खाली लवते बघा. तीच लवण डॉल्फिन पाण्यात घेऊन गेला आहे.

डॉल्फिन मासा नव्हे हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होतं. इसवी सनापूर्वी ३४५ च्या सुमारास तो लेस्बॉस बेटावर राहिला होता, तिथल्या खाडीतले प्राणी त्याने बारकाईने पाहिले. डॉल्फिनला कल्ले नाहीत, तो हवेत श्वास घेतो, पिलांना जन्म देऊन दूध पाजतो, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. हे सगळं त्याला एकट्याला दिसलं असं समजू नका. त्याच्या प्राणिग्रंथांत कोळ्यांच्या सांगण्याचे उल्लेख वारंवार येतात. विद्यापीठात ॲरिस्टॉटल शिकवताना आपण त्याचं तर्कशास्त्र शिकवतो, आणि जाळ्यातला मासा बघायला किनाऱ्यावर उभा असलेला ॲरिस्टॉटल वगळतो. आम्हाला तो दुसरा ॲरिस्टॉटल अधिक जवळचा वाटतो.

इथपर्यंत कागद आपल्या बाजूने होता. पापलेट झालं, खेकडा झाला, डॉल्फिनला थोडी मुरड घालावी लागली. आता ज्या प्राण्यापाशी कागदाची घडी साफ नकार देते त्याच्याकडे येऊ. तो म्हणजे लेप. कुठे लेप म्हणतात, कुठे लेपा, कुठे लेपटी. जिभेच्या आकाराचा, चपटा, तळाशी वाळूत पडून राहणारा मासा. याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात.

एक प्रसंग सांगतो. एका ठिकाणी मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. आमच्या गटातल्या आठ वर्षांच्या एका मुलीने लेप केला होता. तपकिरी घोटीव कागद, जिभेसारखा लांबट आकार, एका टोकाला जवळजवळ दोन बारके डोळे. दुसरी बाजू कोरी. आम्ही प्रदर्शन बघायला गेलो तेव्हा त्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी एक मोठा प्लास्टिकचा डोळा चिकटवला होता आणि आधीच्या दोनांपैकी एकावर कागदाचा तुकडा लावून तो झाकला होता. मदत म्हणूनच केलेलं होतं ते. मूल विसरलं असेल, असं कुणा मोठ्या माणसाला वाटलं. ती मुलगी शेजारीच उभी होती. आम्ही विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "आजोबा, लेपाचे दोन्ही डोळे एकाच बाजूक असतत." आम्ही म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर नुसती मान हलवली.

या गोष्टीत आम्हाला नेमकं काय टोचलं ते सांगायला हवं. मुलीचं काम बिघडलं, हे तर आहेच. पण त्याहून मोठं म्हणजे, तिथे हजर असलेल्या सगळ्यांत लेप कसा असतो हे ठाऊक असणारी ती एकटी होती, आणि तिच्याच कामावर दुरुस्ती झाली. आईबरोबर पहाटे माशांच्या लिलावाला जाऊन तिने मिळवलेलं ज्ञान, 'माशाला दोन बाजूंना दोन डोळे' या सर्वसाधारण चित्रापुढे हरलं. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर प्रत्यक्षावर ऐकीव सामान्य नियमाने मात केली. आणि मूल गप्प बसलं, कारण शाळेत ज्याला ज्ञान म्हणतात त्यात आपल्या घरचं काही बसतं, असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. प्रदर्शनाच्या टेबलावर तो लेप दिवसभर तसाच राहिला. आम्ही डोळा काढायला सांगितला, काढलाही गेला, पण गोंदाचा डाग राहिला.

तेव्हा लेप जरा नीट करू. याला घोटीव कागदच घ्यावा. का, ते ऐका. घोटीव कागद एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरा असतो. लेपही तसाच असतो. वरची, डोळ्यांची बाजू तपकिरी, वाळूत मिसळून जाणारी. खालची, वाळूला टेकलेली बाजू फिकट. इतका अनुरूप कागद दुसऱ्या कुठल्या माशाला मिळत नाही. आता हा कागद रंगीत बाजू बाहेर ठेवून दुमडा आणि दोन्ही पदरांतून लेप कापा. या वेळी घडीसुद्धा कापून टाका. दोन लेप हातात येतील. दोन्ही रंगीत बाजू वर करून, पाठीची कड वरच्या अंगाला धरून, शेजारी ठेवा. एकाचं तोंड डावीकडे, एकाचं उजवीकडे.

आता मुलांना सांगा, एक लेप दुसऱ्यावर असा ठेवा की कडा तंतोतंत जुळल्या पाहिजेत आणि दोघांचीही रंगीत बाजू वर राहिली पाहिजे. मुलं फिरवून बघतात, गोल वळवतात, उलटी करतात. कडा जुळल्या की एकाची पांढरी बाजू वर येते. रंगीत बाजू वर ठेवली की कडा जुळत नाहीत. दहा मिनिटं हा झगडा चालतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "हे चपलांसारखं आहे!" बरोबर. डावी चप्पल आणि उजवी चप्पल. मोजमाप सगळं सारखं, तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

नेमक्या या कोड्यावर इमान्युएल कान्टने १७६८ साली एक छोटा निबंध लिहिला आहे. त्याचं उदाहरण हातांचं होतं. डाव्या हाताचं कितीही बारीक वर्णन करा, बोटांची लांबी, त्यांच्यातलं अंतर, कोन, सगळं; ते वर्णन उजव्या हातालाही तंतोतंत लागू पडतं. तरी दोन्ही हात एकाच जागेत बसत नाहीत. मग फरक आहे कुठे? भागाभागांच्या परस्परसंबंधात तर तो नाही. कान्टने त्या वेळी उत्तर दिलं की फरक संपूर्ण अवकाशाशी असलेल्या नात्यात आहे. पुढे याच उदाहरणावरून त्याने वेगळाच निष्कर्ष काढला, ती गोष्ट आज नको. एम.ए.च्या वर्गात हा निबंध शिकवताना मुलांचे डोळे मिटायला लागायचे. घोटीव कागदाचे दोन लेप तेव्हा सुचले असते तर बरं झालं असतं, एवढंच म्हणतो.

आणि मग खरा प्रश्न येतो, या दोन लेपांपैकी आपल्या समुद्रातला कोणता? हे कागद सांगू शकत नाही. त्यासाठी उठून बाजारात जावं लागतं. आपल्याकडे लेप म्हणून विकला जातो त्या जीभमाशांचे डोळे शरीराच्या डाव्या बाजूला असतात. डोळ्यांची बाजू आपल्याकडे आणि पाठ वर धरली की तोंड डावीकडे येतं. मग दुसरा कागदी लेप फुकट गेला का? तोही जात नाही. जगात सोल नावाच्या माशांचं एक कूळ आहे, त्यांचे डोळे उजव्या बाजूला असतात. त्याला त्या कुळात पाठवून द्यावं.

लेपाची आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी, कारण तिच्यावर ती हमखास अविश्वास दाखवतात. अंड्यातून निघालेलं लेपाचं पिल्लू इतर माशांसारखंच सरळ पोहतं आणि त्याचा एक डोळा या बाजूला, एक त्या बाजूला असतो. वाढताना एक डोळा डोक्यावरून हळूहळू सरकत दुसऱ्या बाजूला जातो, आणि मग मासा कुशीवर पडून राहायला लागतो. हे नैसर्गिक निवडीने कसं शक्य आहे, अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा उपयोग काय, असा आक्षेप डार्विनवर घेतला गेला होता आणि त्याला त्याने १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिलं. मुलं मात्र सरळ मुद्द्यावर येतात. "दुखत नसेल?" असं एकाने विचारलं होतं.

घडीला न जुमानणारे आणखीही आहेत. खाडीच्या चिखलात एक बारका खेकडा असतो, त्याच्या नराचा एक डेंगा अवाढव्य आणि दुसरा चिमुकला. कुणाचा डावा मोठा, कुणाचा उजवा. मादीचे दोन्ही लहान. म्हणजे मादी घडी घालून होते, नराला वेगळा डेंगा जोडावा लागतो. आणि ऑलिव्ह रिडले कासव, ज्याची घरटी वेळासला २००२ पासून लोकांनी राखली. त्याच्या पाठीवर कडेने जी मोठी खवलं असतात त्यांची डावी-उजवीकडची संख्या पुष्कळदा सारखी नसते. कागदी ताटलीच्या पाठीवर मुलांनी एकीकडे सहा आणि दुसरीकडे सात चौकोन काढले तर मोजून सारखे करायला सांगू नये.

आता चूक म्हणजे काय, या प्रश्नाला भिडायला हवं. नाहीतर आम्ही सगळंच बरोबर म्हणतो, असा तुमचा समज होईल. सहा पायांचा खेकडा मुलाने केला. त्याला चूक म्हणायचं की नाही?

आपल्या काव्यशास्त्रात शंकुक नावाचा आचार्य होऊन गेला. नटाला पाहून 'हा राम' असं प्रेक्षकाला वाटतं, ते ज्ञान कोणत्या प्रकारचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्याने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला, त्याला चित्रतुरगन्याय म्हणतात. चित्रातल्या घोड्याकडे बोट दाखवून आपण 'हा घोडा' म्हणतो. ते खरं ज्ञान आहे का? नाही, तो कागद आहे. खोटं आहे का? नाही, कुणी फसलेलं नाही. संशय आहे का, घोडा की चित्र असा? तोही नाही. 'घोड्यासारखं काहीतरी' असं साम्याचं ज्ञान? तसंही आपण म्हणत नाही, सरळ 'घोडा' म्हणतो. म्हणून शंकुक म्हणतो, ही या चारांहून वेगळी अशी प्रतीती आहे. अभिनवगुप्ताने शंकुकाच्या मताचं पुढे खंडन केलं, ते ठीक. पण मूल कागद नाचवत 'ही बघा कुर्ली' म्हणतं तेव्हा त्याला 'खरी नाही हं ती' असं सांगणारा मोठा माणूस शंकुकाच्या पहिल्याच पायरीवर अडकलेला असतो.

पण चित्रतुरगाने सगळं माफ होत नाही. 'ही कुर्ली' हे म्हणणं वेगळं आणि 'कुर्लीला सहा पाय असतात' हे म्हणणं वेगळं. पहिलं खेळातलं आहे, दुसरं जगाबद्दलचं आहे आणि ते तपासता येतं. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रात याच्या जवळ जाणारं एक वाक्य आहे. हरणीला शिंगं नसतात हे चित्रकाराला माहीत नसणं हा लहान दोष, आणि हरीण ओळखूच येणार नाही असं काढणं हा मोठा, असा त्याचा भाव. आम्ही मुलांच्या बाबतीत या दोन्हींत एक तिसरी गोष्ट घालतो: मुलाने पाहून सहा केले की न पाहता? किनाऱ्यावर पाय तुटलेला खेकडा सापडतो. एका मुलाने एका बाजूला तीनच पाय केले होते, कारण त्याच्या बाटलीतल्या खेकड्याला तेवढेच होते. त्याला चूक म्हणणार असाल तर चूक हा शब्दच पुन्हा तपासावा लागेल. न पाहता सहा केले असतील तर 'चुकलं' म्हणण्याऐवजी खेकडा समोर ठेवावा आणि मोजू द्यावं. समोर खेकडा नसेल, म्हणजे शहरात असाल, तर मासळीबाजार असतोच.

बाकीचे प्राणी भराभर. ऑक्टोपस: कागदाची नळी करून खालच्या अर्ध्या भागाच्या आठ पट्ट्या कापायच्या आणि पेन्सिलीवर गुंडाळून वळवायच्या. दहा झाल्या तर फेकू नका, माकूल झाला. त्याला आठ हात आणि वर दोन लांब सोंडा असतात. पण ऑक्टोपसच्या वरच्या गोलावर हसरं तोंड काढू नये. तो गोल म्हणजे त्याचं डोकं नव्हे, धड आहे. डोळे धड आणि हात यांच्यामध्ये असतात आणि तोंड खाली, आठ हातांच्या मधोमध. नळी उलटी करून आत तोंड काढायला मुलांना भारी आवडतं. जेलीफिश: इथे आम्ही कागदापुढे हात टेकतो. ज्याच्या अंगात जवळजवळ सगळं पाणीच आहे, हाड नाही, मेंदू नाही, हृदय नाही, तो कोरड्या कागदाचा काय होणार? बटर पेपर ओला करून वाटीवर वाळवला तर थोडासा भास होतो. आणि कासवाची पाठ सुटी करून अंगरख्यासारखी काढता-घालता येईल अशी मुलं करतात. करू द्यावी. मग कासवाच्या फासळ्याच त्या पाठीला जोडलेल्या असतात आणि ते तिच्यातून कधीच बाहेर येऊ शकत नाही, हे सांगावं. समुद्री कासवाला तर डोकंही आत ओढून घेता येत नाही.

शेवटी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी, ताईंनी चिठ्ठीवर विचारलेल्या. चार वर्षांपर्यंतच्या मुलांना कात्री न देता फाडू द्यावं. फाडलेल्या कडेचा मासा जास्त जिवंत दिसतो, हे आमचं वैयक्तिक मत. पाच-सहाच्या मुलांना बोथट टोकाची कात्री, आणि डावखुऱ्या मुलाला डावखुरी कात्री मिळाली तर जरूर आणावी. डाव्या-उजव्याची गोष्ट इथेही आलीच. गव्हाच्या पिठाची खळ पुरते. चमकी मात्र आणू नये. ती प्लास्टिकची असते, हातावरून मोरीत आणि मोरीतून शेवटी पाण्यात जाते. समुद्रातले प्राणी करताना ते बरं दिसत नाही. मोठ्यांनी स्वतःसाठी वेगळा कागद घ्यावा आणि आपला मासा आपण करावा. मुलाच्या कागदाला हात लावू नये.

आणि प्रदर्शन भरवायचंच असेल तर नाव-इयत्तेच्या चिठ्ठीवर आणखी तीन ओळी मुलाला लिहू द्याव्यात किंवा तो सांगेल तशा लिहून घ्याव्यात: कुठे पाहिलं, काय पाहिलं, काय पाहायचं राहिलं. गेल्या मे महिन्यातली एक चिठ्ठी आमच्याकडे आहे, ती वाचतो. "कुर्ली. बंदरावर पाहिली. डेंगे दोन, पाय आठ, मागचे चपटे. डोळे दांडीवर. दांडी आत जाते. झोपते कधी ते बघायचं राहिलं."